दोन्ही बाजूंना सोयीचा आरोपी

नोकरीतल्या बहुतेक घटना मी स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जाबरोबरच खात्याला परत करून आले. ही एक मात्र घरापर्यंत आली. नावं कुणाचीही देणार नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात आणि त्यांना तिथंच राहायचं आहे.

बीड जिल्ह्यात दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष होतं. मी सहायक पोलीस निरीक्षक होते आणि केज तालुक्यातल्या एका ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी ज्याचं जे हत्यार, त्याची पूजा. शेतकऱ्याचा विळा, न्हाव्याचा वस्तारा, शिंप्याची कात्री. ठाण्यात आम्हीही रायफली, पिस्तुलं, बेड्या ओळीनं मांडून हळद-कुंकू वाहिलं होतं. जीपच्या बॉनेटवर झेंडूची माळ होती. प्रसादाचे पेढे वाटून होतात न होतात तोच नांदूरघाटच्या बाजूच्या एका गावातून पोलीस पाटलांचा फोन आला.

"मॅडम, दूध संस्थेत बार झालाय. एक गडी पडलाय. अंबाजोगाईला नेलाय. तुमी लवकर या, गाव लई तापलंय."

आम्ही पोचलो तेव्हा महिला दूध संस्थेच्या पायरीवर एक पन्नाशीचा माणूस ताठ बसला होता. मांडीवर बारा बोअरची दुनळी बंदूक, तिच्या नळीला हळद-कुंकवाची बोटं आणि झेंडूची माळ. लष्करातून साधा जवान म्हणून परतलेल्यालाही आमच्याकडे 'मेजर' म्हणतात. तसा हा मेजर. संस्थेच्या चेअरमनबाईंचा नवरा.

माझे हवालदार अंबाजोगाईचे, खात्यात केस पांढरे झालेले मुसलमान गृहस्थ. ते लांबूनच म्हणाले, "मेजर, आधी बंदूक खाली ठेव. मग रामराम."

त्यानं बंदूक खाली ठेवली, उभा राहिला, दोन्ही हात पुढं केले. "बंदूक माझी, लायसन माझं, गोळी माझी. घाला हातकडी."

हवालदारांनी बंदूक रुमालानं उचलली आणि पुटपुटले, "गोळी झाडायची तर झाडायची, माळ तरी काढायची व्हती."

आता प्रकार काय होता ते सांगते. त्या भागात एका वजनदार पुढाऱ्याची चारा छावणी होती आणि दूध संकलनही त्याचंच. जनावर छावणीत बांधायचं तर दूधही त्याच्याच केंद्रावर घालायचं, हा अलिखित नियम. या गावातल्या बायकांनी तो मोडला. त्यांच्या संस्थेनं बाहेरून कडबा आणून स्वतःची गंजी रचली आणि सभासदांना वाटायला सुरुवात केली. जनावरं छावणीतून घरी परतू लागली. दाव्यांच्या रांगा रिकाम्या दिसू लागल्या की सरकार छावणी बंद करतं आणि जनावरामागं मिळणारं अनुदान थांबतं. म्हणून गंजी हलवायची असं ठरलं. खंडेनवमीच्या दुपारी गावातली माणसं पूजा, जेवणं आणि पाण्याच्या टँकरमागं असणार हे हेरून छावणीवरचे तिघे ट्रॅक्टर घेऊन आले. त्यातला एक पोटात छर्रे घेऊन अंबाजोगाईला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं वारला. पंचविशीचा मुलगा.

पळून गेलेल्या दोघांनी फिर्याद दिली: आम्ही कडबा मागायला गेलो, मेजरनं जुन्या रागातून गोळी घातली. मेजर म्हणत होता: ते लुटायला आले, मी गोळी घातली. म्हणजे फिर्यादी आणि आरोपी यांचं मुख्य गोष्टीवर एकमत. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं भाग्य मला पुन्हा लाभलं नाही. वरिष्ठांचा फोन आला तोही याच सुरात.

"दोन्ही पार्ट्या एकच नाव सांगतायत. हत्यार जप्त आहे. आरोपी हजर आहे. आता कशाची वाट बघताय?"

"घटनास्थळ दुसरं काही सांगतंय, सर."

"घटनास्थळ कोर्टात उभं राहून बोलत नाही, मॅडम."

हे त्यांचं मत होतं. माझं नव्हतं.

संस्थेच्या खोलीत एका पाटावर पूजा मांडलेली होती. दुधाची मापं, फॅट तपासायचं यंत्र, वजनकाटा, विळे. त्यातच मेजरनं आपली बंदूक ठेवलेली. आणि बंदुकीशेजारी काडतुसं. हत्याराला कुंकू लावायचं तर काडतुसांनी काय घोडं मारलंय, असा हिशोब! घरी कुलपात वेगवेगळी ठेवायची बंदूक आणि काडतुसं त्या दिवशी देवासमोर शेजारी-शेजारी, उघड्या खोलीत. अशी चूक दुसरीकडं कुठं होईल असं मला वाटत नाही. पूजा उधळलेली होती. फरशीवर कुंकू फरफटलेलं होतं आणि त्या कुंकवात हिरव्या बांगड्यांचे तुकडे होते. पंचनाम्यात मी ते एकेक करून घेतले.

मेजरला ठाण्यात समोर बसवलं.

"तुम्ही कुठं उभे होता?"

"दारात."

"तो?"

"म्होरं. आंगनात."

"बंदूक खांद्याला लावली?"

"मिलिट्रीतला माणूस हाय मॅडम मी. खांद्यालाच लावणार."

"मग छर्रे मांडीतून वर पोटात कसे गेले? डॉक्टर म्हणतात, झाडणारा खाली होता. जमिनीवर."

त्यानं सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"बांगड्या कुणाच्या?"

"संस्थेत बायका येतात. फुटल्या आसतील कवातरी."

"नवरात्रात फुटलेली बांगडी बायका पूजेत पडू देतात?"

त्यानं छताकडं पाहिलं. "मॅडम, मी कबूल झालोय. कबूल झालेल्याला कावून छळता?"

हवालदार मागून म्हणाले, "आरं, कबूल न झालेल्याला छळायची आमाला सवय हाय. तू सवय मोडतोयस म्हनून."

टँकरचा ड्रायव्हर शोधायला फार त्रास पडला नाही. दुष्काळात टँकर कुठं कधी होता हे अख्ख्या पंचक्रोशीला पाठ असतं. ड्रायव्हर सहज म्हणाला, "मेजर व्हय? माझ्या शेजारी केबिनमधी बसून आलते ना. गावच्या शिवारात आलो तवा बार उडाल्याचा आवाज झाला. त्यांनी चालत्या टँकरमधून उडी टाकली."

म्हणजे गोळी झाडणाऱ्याच्या जागी मेजर नव्हताच. आणि हे टँकरवाल्याला माहीत होतं, तर पुढाऱ्याच्या वकिलाला कळायला किती वेळ लागणार होता?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी साध्या साडीत दूध संस्थेत गेले. चेअरमनबाई संकलनावर उभ्या होत्या. नवरा कोठडीत, गावात माणूस मेलेला, आणि ही बाई दूध मोजत होती. कारण म्हशी दूध द्यायच्या थांबत नाहीत. उंच, काटक, चाळिशी ओलांडलेली बाई. मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. ती माप डाव्या हातानं उचलत होती. डावखुरी नव्हती, सही उजव्यानं केली, तीही दात आवळून. डाव्या मनगटात नवरात्रात भरलेला हिरवा चुडा होता. उजव्यात दोनच बांगड्या.

बायका गेल्यावर मी दार लोटलं.

"उजवा हात वर करा."

"कावून?"

"करा तर खरं."

अर्ध्यावर येऊन हात थांबला. तिच्या चेहऱ्यावर वेदना दिसली आणि तिनं ती लगेच गिळली.

"चेअरमनबाई, गोळी तुम्ही झाडलीत."

"ह्यांनी झाडली. ह्यांनी सांगितलंय ना तुमाला?"

"ते टँकरवर होते."

ती कॅनवर बसली. बाहेर कुणीतरी म्हैस हाकत होतं. मग ती एकदम उसळली.

"लायसन ह्यांच्या नावावर हाय. लायसनवाल्यानं झाडली तर ती जीव वाचवायला झाडली आसं कायदा म्हनतो. बिगरलायसनची मी झाडली तर खून. सगळं गाव सांगतंय. मला आत घातलं तर संस्था एका म्हयन्यात त्या पुढाऱ्याच्या घशात जाईल. हे आत गेले तर मी हाय बाहेर. आमी इचार करून ठरवलंय, मॅडम. तुमी नका मधी पडू."

हा तो समज. आणि तो फक्त गावातल्यांचाच नव्हता, शिकलेल्यांनीही तो माझ्याशी वाद घालून मांडला आहे. परवाना म्हणजे गोळी झाडायची मुभा, असं लोकांना वाटतं. परवाना फक्त हत्यार बाळगायचा असतो. स्वतःच्या जिवाचा बचाव करण्याचा हक्क परवान्यातून येत नाही. ज्याचा जीव धोक्यात आला त्याच्याजवळ तो असतो. पण त्या हक्काची एक अट आहे, आणि तिथंच माणसं कचरतात. 'मी वाचण्यासाठी मारलं' हे सांगायचं तर वाक्यातलं 'मी मारलं' आधी उच्चारावं लागतं. आणि बचाव खरा होता हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते.

मी तिला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "तुमचा नवरा टँकरमध्ये बसला होता. त्याच्या जिवाला धोका कुणाचा होता? टँकरच्या पाण्याचा? कोर्टात टँकरवाला उभा राहिला की तुमच्या नवऱ्याचा बचाव संपला. मग तो खुनी ठरेल. आणि तुम्ही खोट्या."

"मग काय करू?"

"पाठ दाखवा."

"क्काय?"

"मी बाई आहे. दार बंद आहे. पाठ दाखवा."

तिनं पदर सोडला. उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला, काखेजवळ, वाटीएवढा काळानिळा डाग. बंदुकीचा दस्ता नीट टेकवता आला नाही की धक्का असाच बसतो. आणि पाठीवर डाव्या बाजूनं तिरपा, लांब, सुजलेला वळ. ट्रॅक्टरचं चाक खोलायची लोखंडी टॉमी असते, तिचा.

"हे दवाखान्यात दाखवलं?"

"येडी हाय का मी? दाखवलं आसतं तर पकडली गेली आसती."

मी तिला आरशासमोर उभं केलं. संस्थेच्या भिंतीवर एक लहानसा आरसा होता. "हा वळ बघा. आज निळा आहे. मग हिरवा होईल, मग पिवळा, मग जाईल. तुमचा खरा साक्षीदार हा आहे, आणि तुम्ही त्याला पदराखाली मरू देताय. वळ गेला की तुम्ही कितीही खरं बोललात तरी तुमच्या बाजूनं काही उरणार नाही."

ती आरशात मागं वळून वळून पाहत राहिली. मग पदर नीट खोचला.

"त्यानं आधी केस धरून ओढलं," ती म्हणाली. "मी दारात आडवी झालते. म्हनलं, गंजीला हात लावाल तर माझ्या अंगावरून ट्रॅक्टर घाला. तो हसला. म्हनला, 'चेअरमन झालीस म्हनून लई माजलीस.' पाठीत टॉमी घातली. मी पूजेवर पडले. बंदूक हाताला लागली. ह्यांना रानडुकरांसाठी भरताना कितीदा बघितलंय. पडल्या पडल्याच भरली. तवर त्यानं टॉमी परत डोक्यावर उचलली. म्हनलं, थांब. थांब म्हनलं, मॅडम. दोनदा म्हनलं."

"मग?"

"थांबला न्हाई."



पुढचं काम वेगानं केलं. महिला शिपायाबरोबर तिला वैद्यकीय तपासणीला पाठवलं. महिला डॉक्टरांनी दोन्ही जखमांचं वय, रंग, माप, दिशा लिहून दिली. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाबासाठी अर्ज केला. त्यांनी तिला विचार करायला वेळ दिला, कुणाचा दबाव आहे का विचारलं. "हाय," ती म्हणाली, "समद्या गावाचा हाय. गप बस म्हनून."

मग मी पळून गेलेल्या दोघांपैकी एकाला पुन्हा बोलावलं. जास्त तोंडाळ होता तो. वैद्यकीय कागद समोर ठेवला आणि विचारलं, "गोळी कुणी झाडली?"

"सांगितलंय ना, मेजरनं."

हवालदारांनी त्याच्यासमोर चहा ठेवला. "पी. आणि एक सांग बे, तू पळालास तवा मागं बघितलं का न्हाई?"

"बघितलं."

"कोन व्हतं हातात बंदूक घेऊन?"

त्यानं चहाकडं बघितलं. कान लाल झाले. "साहेब, बाई व्हती म्हनून कसं सांगायचं? तीन गडी, आन् एका बाईनं पळवलं? छावणीवर लोक टाळ्या वाजवतील. आमच्या साहेबांनीच सांगितलं, मेजरचं नाव घाला, त्येच्यात आपली बी इज्जत राहती."

एका बाजूनं परवान्याच्या खोट्या समजापोटी, दुसऱ्या बाजूनं मिशीपोटी, दोघांनी एकच आरोपी निवडला होता. बाईच्या हातून गोळी सुटली हे खरं दोन्हीकडं कुणालाच नको होतं. लुटीचा आणि मारहाणीचा गुन्हा त्या दोघांवर मी त्याच दिवशी दाखल केला.

मग पुढारी स्वतः ठाण्यात आला. खुर्चीवर बसायच्या आधी पांढरा रुमाल अंथरला.

"मॅडम, मेजर आत आहे, तो राहू द्या. बाईमाणसाला कशाला कोर्टात ओढता? समाज काय म्हणेल?"

"समाजाला मी चार्जशीट पाठवत नाही."

"बदलीची वेळ जवळ आलीये तुमची, ऐकतोय मी."

"बरं ऐकताय. दोन गोष्टी आणखी ऐका. तुमच्या छावणीवरचा ट्रॅक्टर जप्त आहे. आणि टॉमीला अडकलेले लांब केस सापडलेत, ते प्रयोगशाळेत गेलेत. तुम्ही तिघांना पाठवलं हे मला सिद्ध करता येईल की नाही माहीत नाही. प्रयत्न मात्र करणार."

तो रुमाल उचलून गेला. मला ते सिद्ध करता आलं नाही. त्या दोघांनी शेवटपर्यंत त्याचं नाव लेखी दिलं नाही. बदली मात्र झाली, गेवराईला. महामार्गावरचे अपघात आणि वाळूचे ट्रक पकडत मी पुढची तारीख आली की कोर्टात साक्षीला येत राहिले.

मेजर कोठडीतून सुटला तेव्हा माझ्यावर चिडला होता. "तिला वाचवत व्हतो मी."

"तुम्ही तिला पुसून टाकत होता," मी म्हटलं. "आणि बंदूक काडतुसांसकट उघड्यावर ठेवल्याचा हिशोब तुम्हाला द्यावाच लागेल. तो मी सोडणार नाही." सोडला नाही. परवान्याच्या अटी मोडल्याबद्दल त्याला दंड झाला, परवाना रद्द झाला. खोटी माहिती दिल्याचा अहवालही मी कोर्टाला दिला. बायकोवरच्या मायेपोटी दिलेली खोटी माहितीही खोटीच. लोक म्हणाले, बाई असून काळीज नाही. असू दे.

चेअरमनबाईंना अटक झाली, काही काळ ती आत राहिली, मग जामीन मिळाला. खटल्यात त्यांच्या वकिलानं सुचवलं होतं, 'झटापटीत बंदूक आपोआप उडाली' म्हणा. ऐकायला बरं, पेलायला सोपं. आरोपीच्या जबाबाच्या वेळी न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आपोआप न्हाई उडाली, साहेब. मी उडवली. त्यो माझ्या डोक्यात टॉमी घालत व्हता." वकिलानं कपाळाला हात लावला. त्याच जबाबावर, डॉक्टरांच्या कागदावर आणि छर्ऱ्यांच्या दिशेवर कोर्टानं खाजगी संरक्षणाचा हक्क मान्य केला. ती खुनातून निर्दोष सुटली.

निकालाच्या दिवशी मी व्हरांड्यात उभी होते. संस्थेच्या बायका शाल आणि नारळ घेऊन आल्या होत्या. तिनं हात आडवा केला. "माणूस मेलाय. शाल कशाची?"

तेवढ्यात मेलेल्या मुलाची आई पुढं आली. इतकी वर्षं प्रत्येक तारखेला ती बाकावर बसायची, कुणाशी बोलायची नाही. ती चेअरमनबाईंच्या अगदी तोंडासमोर उभी राहिली. माझा हात आपसूक पुढं झाला. मारामारी होणार असं वाटलं.

"तूच ना?"

"व्हय. मीच."

"सुरुवातीला तुझ्या नवऱ्याला शिव्या दिल्या मी. देवाला सांगितलं, त्येचे हात झडू दे. नंतर कळलं त्यो न्हवताच."

"माझे झडू दे म्हना. हक्क हाय तुमचा." चेअरमनबाईंनी मान खाली घातली नाही. "पर मी माफी मागनार न्हाई, मावशी. तुमच्या पोरानं मला मारायला हात उचलला व्हता. मी गोळी घातली न्हाई आसं म्या कदी म्हनले न्हाई, आन् चुकले आसंबी म्हननार न्हाई."

म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "कुनावर रडायचं ते तरी खरं सांगितलंस. बाकीच्यांनी तेवढंबी केलं न्हाई." आणि पायऱ्या उतरून गेली.

आता शाळा-कॉलेजात बोलायला बोलावतात तेव्हा मुली विचारतात, बाईनं बंदूक ठेवावी का? मी उलट विचारते: झाडल्यावर आपल्या नावानं उभं राहायची तयारी आहे का? नसेल तर ठेवू नका, आणि नवऱ्याच्याही हाती देऊ नका. असेल, आणि कुणी तुमच्या डोक्यावर लोखंड उचललं, तर घाबरू नका, झाडा. मग स्वतः पोलिसांना फोन करा. बंदुकीला, जागेला, अंगावरच्या वळाला कुणालाही हात लावू देऊ नका. गावाचं, नवऱ्याचं, हितचिंतक वकिलाचं ऐकून आपली गोळी दुसऱ्याच्या नावावर घालू नका. गोळी झाडायला क्षण लागतो. ती आपली म्हणायला मात्र वर्षं लागतात, आणि ती वर्षं कुणी दुसरा भोगून देऊ शकत नाही. त्या चेअरमनबाईंनी ती भोगली. म्हणूनच त्या व्हरांड्यात, ज्या बाईचा मुलगा तिच्या हातून गेला होता तिच्यासमोर, मान वर ठेवून उभी राहू शकली ती एकटीच.